मांडीवरचा नकाशा

त्या दुपारी आमच्या घरात कोन कोन व्हतं ते आधी सांगते, म्हंजे पुढं कुणी म्हनायला नको की म्हातारी आपल्या मनाचं सांगतीया. माझा लेक व्हता. माझे धाकले दीर व्हते, त्यांना मी भावजी म्हनते. शेजारचे आबा व्हते. त्यांना कुणी बोलावलं न्हवतं, पण आमच्या दारात चारचाकी थांबली की आबा येतात. लोणावळ्याचा साहेब व्हता आन त्याच्यासंगं कागद लिव्हणारा एक जण. हे पाच बापई पुढल्या खोलीत. आत सैपाकघराच्या उंबऱ्याशी मी, माझी सून आन माझी जाऊ. नात आतबाहेर करत व्हती. आन माझे मालक भिंतीवर, हार घातलेले. ते धरले तर दहा.

मी बोलते आन नात लिव्हती. तिनं शब्द बदलायचे न्हाईत असं ठरलंय.

आमची वाडी लोहगडाच्या अंगाला, पवनेच्या बाजूची. वरच्या अंगाला आमची खाचरं. सगळ्यात वरच्या खाचराच्या कडंला उंबर हाय आन उंबराखाली झरा. झरा आमच्या गटात येतो, पण हा झरा आमचा हाय असं माझ्या सासूनंबी कधी म्हनलं न्हाई. सगळी वाडी तितंच भरते. आता नळ आलाय, पण चैतात नळ नुसता खोकतो. खाली धरण दिसतं, एवढं मोठं पाणी उन्हात चकाकतं. ते शहराला जातं. आमी बघायचं आन घागर घेऊन वर चढायचं.

मी ह्या घरात आले तवा दिवसाला सात खेपा व्हत्या. म्हशी असल्या की नऊ. दुसऱ्या बाळंतपणाच्या येळेला सातव्या महिन्यात त्या वाटंवर माझा पाय घसरला. वाट कसली, दोन दगडांमधली घळ. ते पोर राह्यलं न्हाई. पाचव्या दिवशी मी परत पाण्याला गेले, कारन सासूचा हात मोडलेला व्हता आन घरात दुसरं माणूस न्हवतं. मालकांनी नंतर त्या घळीत चार दगड बसवले, एका सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता. ते दगड अजून हायेत. हे रडायला सांगत न्हाई. ती वाट माझी का हाय ते कळावं म्हणून सांगते.

तर लोणावळ्याच्या त्या साहेबाला आमच्या वरच्या खाचरांवर रिसॉर्ट बांधायचं व्हतं. जमीन करारावर घ्यायची, बंगले बांधायचे, आन लेकाला तितं मॅनेजर करायचं. लेक वर लोहगडवाडीला पिठलंभाकरीचा ष्टॉल लावतो. शनवार-रैवार गर्दी, बाकीचे पाच दिवस माश्या. त्याला ह्या नोकरीची लय आस व्हती, त्यात त्याची चूक न्हाई. मालक गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, लेकाचं हाय, भावजींचं हाय. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय करार व्हत न्हाई.

मी लेकाला सांगितलं, "झरा आन झऱ्याची वाट तेवढी सोडायची. सोडत असतील तर मी सही देते. नसतील तर न्हाई."

लेकानं फोनवर इचारलं. साहेब म्हनला, सोडतो. लेक म्हनला, आये, सोडतो म्हनतोय. मी म्हनलं, तोंडानं नगं, मला दाखवा म्हनावं. म्हणून तो साहेब दाखवायला आलता.

दिवाळी होऊन गेलती, भात झोडून झालतं. मी उंबऱ्यात बसून सुपात इंद्रायणी निवडत व्हते. आमच्यात परका माणूस आला की बायका आत बसतात. घुंगट न्हाई न् काय न्हाई, नुसतं आपलं उंबऱ्याच्या आत. कुणी सांगत न्हाई, आपोआप तसं बसलं जातं. आमचा टीव्ही हाय तो सैपाकघराच्या दाराच्याच भिंतीला, दाराच्या बाजूला. म्हणजे दारात बसलं की टीव्ही दिसत न्हाई, टीव्ही बघणाऱ्यांची तोंडं दिसतात. माझी अर्धी हयात टीव्ही बघणाऱ्यांची तोंडं बघण्यात गेली.

साहेब आला, चपला दाराशी काढल्या, एवढं बरं केलं. मालकांच्या फोटोला हात जोडले. मग पिशवीतनं काय काढलं? आधी करार काढला, मग अंगठ्याचं निळं शाईपॅड काढलं आन ते सरळ माझ्यापुढं उंबऱ्यावर ठिवलं.

"मावशी, हे तुमच्यासाठी," म्हनला. हसून म्हनला.

मी दुसरीपातुर शिकलेली हाय. माझं नाव मला लिव्हता येतं, बापाचं येतं, गावाचं येतं. बँकेत मी सही करते. हा माणूस पहिल्यांदाच मला बघतोय, एक शब्द मी बोलले न्हाई, आन हा घरनं निघतानाच ठरवून आलाय की ह्या बाईला अंगठा. मी ते पॅड पायानं बाजूला सारलं. तांदूळ निवडत राह्यले.

मग त्यानं लॅपटॉप काढला. म्हनला, पडदा बारका हाय, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून टीव्हीला जोडतो. वायर आखूड व्हती. तवा तो टीव्हीच्या खालीच स्टूल घेऊन बसला, लॅपटॉप मांडीवर, तोंड ह्या बापयांकडं आन पाठ आमच्या दाराकडं. लिव्हणारा त्याच्या बाजूला चटईवर, कागद मांडीवर. त्या दोघांच्या पाठी माझ्यापासून हातभर. आमच्याकडं कुणी वळून बघंना. दारात तीन बायका बसल्यात का तीन घागरी ठिवल्यात, त्यांना सारखंच.

टीव्ही काय लागंना. साहेब रिमोट दाबतोय, वायर काढतोय, घालतोय. आबा म्हनले, "साहेब, आमच्या टीव्हीला सवय न्हाई. त्याला फक्त कुस्त्या दाखवा, झटक्यात लागतो."

भावजी म्हनले, "आबा, तुमी गप ऱ्हावा, टीव्ही लाजतोय तुमाला बघून."

नात तळेगावला कॉलेजात जाते. ती पुढं झाली, वायर दुसऱ्या भोकात घातली, रिमोटवर काहीतरी दाबलं आन टीव्ही लागला. लागला, पण सगळे म्हनले, अरे ह्यावर तर नुसता समुद्र दिसतोय. मला दारातनं साहेबाच्या मांडीवरचा पडदा दिसत व्हता, त्याच्यावर समुद्र न्हवता, बारक्या बारक्या चौकटी व्हत्या.

नात म्हनाली, "काका, तुम्ही एक्स्टेंडवर ठेवलंय. दोन्हीकडे सेम करून देऊ का?"

"नको नको बाळा," तो घाईनं म्हनला. "असंच बरं आहे. मला इथं दुसरं काम करता येतं."

नात आत आली तवा मी इचारलं, काय गं ते. ती म्हनाली, "आजी, त्यांनी दोन वेगळे पडदे केलेत. टीव्हीवर एक दिसणार, लॅपटॉपवर दुसरं. त्यांनी इथलं ओढून तिकडं टाकलं तरच ते टीव्हीवर जाणार."

"मग आपल्याला काय दाखवायचं ते त्यो ठरवणार म्हन की."

"तसंच," ती म्हनाली आन चहा बघायला गेली.

मग पिच्चर सुरू झाला. गाणं व्हतं, सनई का काय ते. मला दिसत न्हवतं, मी तोंडं बघत व्हते. लेकाचं तोंड उजळलेलं. आबांचा जबडा उघडा. भावजी मान डोलवत व्हते.

"बघा, हा झरा," साहेब म्हनला. "भिंतीच्या बाहेर. वाट मोकळी. उलट आम्ही दगडी पायऱ्या करून देणार."

"आये, पायऱ्या करनारेत!" लेक वरडला. "रेलिंग बी हाय!"

"कठडा घालनारेत वहिनी," भावजी म्हनले. "तुमच्या गुडघ्याला बरं."

साहेब मान न वळवता म्हनला, "मावशी, या ना पुढं बघायला."

तर माझा लेक काय म्हनला? "ऱ्हाऊ द्या साहेब, तिला त्यातलं काय कळतंय. तिला मी सांगतो नंतर."

माझ्या हातातलं सूप थांबलं. नऊ महिने पोटात वागवला, त्याच्या दुपट्याचं पाणी त्याच झऱ्याचं, आन मला काय कळतंय. मी उठले. पदर खोचला, उंबरा ओलांडला आन बापयांच्या मधी जाऊन उभी राह्यले. पुढनं टीव्ही बघितला.

छान व्हतं. खोटं कशाला बोलू. उंबर हिरवागार, झऱ्यावर दगडी पायऱ्या, आन पायरीवरनं एक बाई उतरत व्हती. नऊवारी, नथ, गजरा, कमरेवर पितळेची घागर. चालताना हसत व्हती. माझ्या जावेनं दारातनंच इचारलं, "काय हाय हो?" मी म्हनलं, "पाण्याला नथ घालून चाललीया कोन तरी." आबा खो खो हसले. साहेबबी हसला, पण त्याला कशाला हसतोय ते कळलं न्हवतं.

मी परत माझ्या जागी येऊन बसले. मनात म्हनलं, बरं हाय, सोडलीया वाट. सही देऊ.

आन तवाच बघितलं. टीव्हीवरची बाई पायऱ्या उतरतच व्हती, कारन आबा म्हनले, "अजून पोचंना ती." पण साहेबाच्या मांडीवर दुसरंच उघडलेलं व्हतं. वरनं काढलेला फोटो, त्याच्यावर रेघा. साहेब त्यावर बोट ठेवून हळू आवाजात आकडे सांगत व्हता आन लिव्हणारा ते करारात भरत व्हता.

आता हितं त्या माणसाची चूक झाली. त्याला वाटलं, नकाशा हाय, म्हातारीला काय कळतंय. शिकलेल्या लोकांना वाटतं की वरनं बघायला इमान लागतं. मी दहा वर्सं गडाच्या सोंडेवर म्हशी राखल्या. करवंदं, सरपण, सगळं तितनंच आणलं. दिवसभर बसून खाली काय बघायचं? आपलीच खाचरं. आमच्या वाडीतल्या कुठल्याबी बाईला आपलं खाचर वरनं कसं दिसतं ते इचारा, ती राखेत काढून दाखवल. आमचं वरचं खाचर इळ्यासारखं दिसतं. इळ्याची मूठ जिथं, तितं उंबर.

त्याच्या मांडीवर माझा इळा व्हता. मूठ व्हती. उंबराचा काळा ठिपका व्हता. आन जाड लाल रेघ मुठीच्या बाहेरनं गेलती. झरा आत. मालकांचे चार दगड आत. वाट निम्म्यात तुटलेली.

मी दोनदा बघितलं. जावेला कोपरानं ढोसलं. ती म्हनाली, "आपला उंबर न्हवं का त्यो?" तिनंबी वळखला. तिला तर एक अक्षर येत न्हाई.

मी म्हनलं, "साहेब, ही लाल रेघ कशाची?"

तो दचकला. त्याला वाटलं आवाज भिंतीतनं आला. वळून माझ्याकडं बघितलं आन खाडकन लॅपटॉपचं झाकण लावलं. झाकण लागलं तसा टीव्ही पण गेला, गाणं बंद, नुसता निळा पडदा.

"लाईट गेली का काय?" आबा म्हनले.

"पंखा फिरतोय की आबा," भावजी म्हनले.

नात चहाचं ताट घेऊन आलती. म्हनाली, "लाईट नाही गेली. झाकण लावलं की टीव्हीवरचं पण जातं."

मी म्हनलं, "उघडा साहेब."

"मावशी, ते आमचं ऑफिसचं काम आहे. वेगळ्या जागेचं."

"येगळ्या जागंला माझा उंबर कसा गेला? उघडा."

लेक म्हनला, "आये, काय चाललंय तुझं?"

मी लेकाकडं बघितलंच न्हाई. चहा तसाच ताटात. आबा उठून उभे राह्यले. आबा एरवी चेष्टेखोर, पण त्यांची सूनबी त्याच झऱ्यावर भरते. म्हनले, "उघडा की राव. लपवायचं काय त्यात, पायऱ्या तर बांधनार हायसा."

त्यानं उघडलं. नातीनं ताट खाली ठिवलं आन त्याला न इचारता दोन बटनं दाबली. आन जे मांडीवर व्हतं ते टीव्हीवर आलं. एवढं मोठं. इळा, उंबर, लाल रेघ.

माझ्या लेकानं तोच डोंगर बघितलाय, त्याला वळखायला येळ लागला न्हाई. भावजी सातवी शिकलेत, ते टीव्हीजवळ गेले आन रेघेवरची अक्षरं लावून वाचली, "कं-पा-उंड वॉल." मग झऱ्याजागी निळा गोल व्हता, तितं इंग्लिशमधी काय व्हतं ते नातीला इचारलं.

"वॉटर फीचर," ती म्हनाली. "शोभेचं पाणी, आजी. पाहुण्यांसाठी."

शोभेचं पाणी. सात खेपा, नऊ खेपा, आन शोभेचं पाणी.

साहेब म्हनला, "ही जुनी फाईल आहे. फायनल ती, जी आधी दाखवली."

मी म्हनलं, "जुनी हाय तर तुमचा माणूस त्यातनं आकडे का उतरवतोय करारात? त्या नथवाल्या बाईच्या पिच्चरमधनं उतरवा की."

लिव्हणाऱ्यानं पेन खाली ठिवलं. त्या बिचाऱ्याचे कान लाल झालते. तो कुणाचा तरी नोकर, त्याला मी काय बोलले न्हाई.

साहेबाला मात्र बोलले. म्हनलं, "तुमी झरा मागितला असता तर मी न्हाई म्हनले असते, आन तुमी चहा पिऊन गेला असता. तेवढंच झालं असतं. पण तुमी आमच्या घरात, आमच्या भिंतीवर, आमच्याच टीव्हीवर खोटं लावलं. आन खरं मांडीवर ठिवलं. का, तर मागं बायका बसल्यात. बायका म्हंजे कोन, आन त्यांना काय दिसनार."

तो म्हनला, "मावशी, तुम्ही चिडू नका. तुमचा गैरसमज झालाय. आपण मुलाशी बोलू."

ह्याची मला सगळ्यात जास्त चीड आली. दाखवतो मला म्हणून आला आन बोलनार मुलाशी. मी उठले, ते शाईचं पॅड उचललं आन त्याच्या पिशवीत घातलं. म्हनलं, "हे न्या. मला सही येते. आन ती मी देनार न्हाई."

ते गेले. गडबडीत वायर टीव्हीलाच राह्यली. न्यायला कुणी आलं न्हाई.

मला वाटलं व्हतं लेक म्हनंल, आये, बरं झालं. तो म्हनला, "चार लोकांत इज्जत घालवली. आपन नंतर बोलून रेघ बदलून घेतली असती."

मी इचारलं, "तुला ठाव व्हतं का रेघेचं?"

"न्हाई."

"शपथ घे बापाच्या फोटोची."

त्यानं घेतली. मी इश्वास ठिवला, कारन त्याचं तोंड मी वळखते, टीव्ही बघतानाचंबी आन खोटं बोलतानाचंबी. पण मग मला आणखीनच राग आला. ठाव न्हवतं, तर मग कुणाच्या बाजूनं बोलतोयस? त्या माणसानं तुला फसवलं ते कमी, आन मी ते दाखवलं त्याची लाज जास्त? चार महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. ष्टॉलवर जायचा, यायचा, जेवायचा. सून मधी बोलायची, "आत्या, ह्यांना भाकर वाढू का इचारा." मी म्हनायचे, "त्याला तोंड हाय." असे दिवस काढले. दुसरेबी काढलेत.

मग चैतात नळ खोकायला लागला. एका सकाळी बघते तर लेक खांद्यावर ड्रम घेऊन वर चाललेला. बापयांनी पाणी आणायची आमच्यात रीत न्हाई. आबांनी अंगणातनं हाक मारली, "काय मॅनेजरसाहेब, शोभेचं पाणी आणायला का?" तो तसाच चढत राह्यला. खाली आल्यावर ड्रम उतरवला आन मला म्हनला, "आये, दुसरा दगड हलतोय त्या घळीतला. कुणी पडल."

मी म्हनलं, "मग बसव."

दुपारी बसवला त्यानं. एवढंच. नोकरीचं दुःख त्याला अजून हाय, मला ते दिसतं. पण माझा राग गेलेला न्हाई, गेला असं मी म्हननार न्हाई. खालच्या अंगाला दोन घरांनी सह्या केल्यात असं ऐकलं. त्यांनाबी टीव्हीवरच दाखवलं असंल. त्यांच्या बायका कुठं बसल्या व्हत्या ते मला ठाव न्हाई.

ती वायर नात वापरते. कॉलेजचं काय काय टीव्हीवर लावते, दोन्हीकडं एकच दिसतं. मी बघून घेते. आता पाहुणे आले की भावजी म्हनतात, "वहिनी, पुढं बसा, खुर्ची घ्या." मी म्हनते, नगं. मी हितंच बरी, हितनं सगळं दिसतं.

वाचनाऱ्या बाईला न् बापयाला माझं एकच मागणं हाय. तुमच्या घरी कुणी असं टीव्हीवर दाखवायला आलं, तर सही करायच्या आधी त्याला दोन्हीकडं एकच लावायला सांगा. आन त्याच्या मागं बसलेल्या बाईला एकदा इचारा, तुला तितनं काय दिसतंय.